चीनमध्ये ‘शिका अन् शिकवा’ पॅकेज : पैसे भरण्याआधी काय तपासाल?

गंगाखेड : चीनमध्ये चिनी शिका, सोबत इंग्रजी शिकवून कमवा, अशी सशुल्क पॅकेज पदवीधरांना खुणावतात. पैसे भरण्याआधी हे पाहा.

व्हिसा कोणता?
शिक्षणासाठी ‘एक्स’, नोकरीसाठी ‘झेड’. विद्यार्थी व्हिसावर परवान्याविना शिकवल्यास ५ ते २० हजार युआन दंड. गंभीर प्रकरणात कोठडीही.

नोकरी मिळेल?
इंग्रजी शिकवण्याचा परवाना मुख्यतः अमेरिका, ब्रिटनसारख्या इंग्रजी मातृभाषेच्या देशांतील नागरिकांना मिळतो. भारतीय पासपोर्टवर बहुतेकदा इथेच अडते.

एजंट अधिकृत आहे?
नोंदणी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. नोकरीसाठी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटच्या शुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी.

पर्याय काय?
फक्त भाषाच शिकायची असेल, तर हैदराबादच्या ‘इफ्लू’ विद्यापीठात चिनी शिकवली जाते. चीन सरकारची शिष्यवृत्तीही आहे.