कॅमेऱ्याची खरी घंटा कशी ओळखावी?

भिवंडी, मालेगाव, धुळे या पट्ट्यातील ट्रक-टेम्पोच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. गाडीत कॅमेरा बसवून ऑफिसातून लक्ष ठेवण्याची सोय आता लहान मालकांच्याही आवाक्यात आली आहे. डोळे मिटणे, मोबाईलवर बोलणे, पुढच्या गाडीच्या फार जवळ जाणे, असे काही घडले की कॅमेरा ड्रायव्हरला सावध करतो आणि मालकाच्या मोबाईलवर सूचना पाठवतो.

अशाच एका मालकांकडे आम्ही बसलो होतो. सूचनांनी फोन इतका वाजला की त्यांनी तो पालथा ठेवला. "रोजचंच आहे, किती बघायचं?" ते म्हणाले. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतला धोका तो हाच. खरी झोपेची सूचना आली, तरी ती त्याच ढिगात गाडली जाणार.

हिशेब साधा आहे. एकच प्रकार दर 10 सेकंदांनी कळवला गेला, तर तासात 360 सूचना होतात. एकदा कळवल्यावर तीच सूचना 5 मिनिटे थांबवली, तर 12 उरतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत ठरवता येते. विक्रेत्याकडून ती समोर बसून लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट वेगाची. ड्रायव्हर फजरच्या नमाजसाठी गाडी उभी करून उतरला, तरी 'ड्रायव्हर जागेवर नाही' अशी सूचना येऊ शकते. ठरावीक वेगाखाली अशा सूचना बंद ठेवाव्यात. तिसरी गोष्ट रस्त्याची. खड्ड्याचा दणका किंवा कसारा घाटातले वळण यंत्राला धडक किंवा बेफाम गाडी हाकणे वाटू शकते. म्हणून दणक्याची मर्यादा गाडी आणि रस्ता पाहून ठरवावी. काचेवरची धूळ पुसणे आणि कॅमेरा नीट बसवणे हाही उपायच आहे.

मात्र सगळ्यांना एकच चाळणी लावू नये. सीटबेल्टची आठवण पुन्हापुन्हा आली तर ती दिवसअखेरच्या यादीत जाऊ द्यावी. झोपेचे उलट आहे. डोळे दुसऱ्यांदा मिटले तर ती फालतू पुनरावृत्ती नसून वाढता धोका आहे. तिथे सूचना दाबायची नाही, थेट फोन वाजला पाहिजे. गाडीतला आवाज तर कधीच बंद करू नये. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोपेचा जोर जास्त असतो, त्या वेळी फोन कोण उचलणार हेही आधी ठरवावे. चाळणी लावल्यावर आठवडाभर गाळलेल्या सूचना उघडून पाहाव्यात, म्हणजे कामाची एखादी निसटली का, ते कळेल.

शेवटी एक विनंती. ड्रायव्हरला विश्वासात घ्या. कॅमेरा पगार कापण्यासाठी आहे असे वाटले, तर तो त्यावर फडके टाकेल. ड्रायव्हरचा जीव ही मालकाकडे सोपवलेली अमानत आहे. सलग दोन रात्री गाडी चालवायला लावून वर झोपेची सूचना आली म्हणून रागावणे योग्य नाही. अशा वेळी चूक कॅमेऱ्याची नसते आणि ड्रायव्हरचीही नसते.