सेन्सर बदलण्याआधी मोजा: नव्या गॅरेजवाल्यांसाठी कामाचा धडा



गॅरेज टाकायचं ठरवलंय? मग पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या: मोजल्याशिवाय सेन्सर बदलायचा नाही. या कामातला नफा-तोटा या एका सवयीवर ठरतो.

उदाहरणाला सॅन स्टॉर्म घेऊ. गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. उत्पादन केव्हाच थांबलंय, पण शौकीन मालक अजून गाडी सांभाळून आहेत. बॉनेटखाली इंजिन आहे रेनॉचं, 1149 सीसी पेट्रोल. त्यामुळे दुकानात "स्टॉर्मचा सेन्सर द्या" म्हणून काही मिळणार नाही. इंजिनचा कोड आणि जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर घेऊन जा, मग रस्ता सापडतो.

दुसरी गोष्ट, स्कॅनरच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे ओबीडी-2 सक्तीचं झालं 2013 मध्ये. त्याआधीच्या गाडीशी तुमचा स्कॅनर बोलेलच असं नाही. इथे कामाला येतो चांगला डिजिटल मल्टीमीटर.

कुठे शोधायचं, काय मोजायचं?

1. क्रँक सेन्सर: फ्लायव्हीलजवळ, गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर. स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा गरम झालं की बंद पडतं, तर संशय इथे. कनेक्टर काढून ओहम बघा. काही शे ओहम यायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटलीय. गरम झाल्यावर बंद पडत असेल तर गरम असतानाच मोजा.

2. कूलंट टेंपरेचर सेन्सर: थर्मोस्टॅट हाउसिंगच्या आसपास. इंजिन थंड असताना साधारण दोन-तीन हजार ओहम, तापल्यावर काही शे. आकडा खाली येतच नसेल तर सेन्सर गेला. बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं, नाहीतर उकळतं कूलंट अंगावर येईल.

3. थ्रॉटल पोझिशन सेन्सर: थ्रॉटल बॉडीवर. चावी ऑन करून थ्रॉटल हळूहळू उघडा. सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज सलग वाढायला हवं. मध्येच उडी मारली तर दोष सापडला.

4. ऑक्सिजन सेन्सर: एक्झॉस्टवर. इंजिन तापल्यावर व्होल्टेज 0.1 ते 0.9 मध्ये वर-खाली होत राहतं. सायलेन्सरच्या पाइपला गळती असेल तर चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. आधी गळती बघा.

नेमके आकडे त्या इंजिनच्या मॅन्युअलवरून ताडून घ्या. ईसीयूच्या वायरला टेस्ट लॅम्प लावू नका.

बदलायची पद्धत

बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग कनेक्टर उघडून बघा: हिरवा गंज, तेल, सैल पिन? तसं असेल तर साफ करून पुन्हा मोजा. बऱ्याचदा काम इथेच संपतं. रीडिंग तरीही चुकीचंच असेल तर सेन्सर काढा. एक्झॉस्टवरचा जाम असेल तर आधी गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. ताकद लावली की आटे गेले!

आता पैशाचं गणित

समजा, सेन्सर 2,500 रुपयांचा. तुम्ही अंदाजाने बसवला आणि दोष निघाला वायरिंगमध्ये. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही. पैसे तुमचे अडकतात, नाहीतर गिऱ्हाईक तुटतं. त्याऐवजी 500 रुपये तपासणी फी आधीच सांगून घ्या. रीडिंग जॉब कार्डवर लिहा, गिऱ्हाइकाला दाखवा, काढलेला पार्ट त्याच्या हातात द्या.

फी मागायला लाजू नका. पार्ट कुणीही विकतो, तुम्ही खात्री विकताय. कनेक्टर साफ करून गाडी सुरू करून दिलीत आणि पार्टचे पैसे घेतले नाहीत, तर तो माणूस पुढचं काम घेऊन तुमच्याकडेच येईल.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्याच गाडीचे हे चार सेन्सर शोधा, ओहम आणि व्होल्टेज वहीत लिहा. चांगल्या गाडीचे आकडे माहीत असले की बिघडलेली ओळखता येते. चला, कामाला लागा!