टाइमशेअर रिसॉर्टचा कारोबार : पैसा आज, सेवा पंचवीस वर्षे

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातील दुकानदारालाही हल्ली एक ठरावीक फोन येतो. आपला नंबर सोडतीत निघाला आहे, पत्नीसह अकोल्याच्या किंवा नागपूरच्या अमुक हॉटेलात जेवायला या, भेटवस्तू घेऊन जा. जेवण खरोखरच मिळते. जेवणानंतर तीन तास बसवून एक सौदा समोर ठेवला जातो, आणि सही आजच करा असा आग्रह होतो. हा सौदा टाइमशेअरचा. तो सरसकट लबाडीचा आहे असे मुळीच नाही. जगभर हा मोठा आणि कायदेशीर धंदा आहे. परंतु तो चालतो कसा, हे ठाऊक नसताना आमच्या बांधवांनी त्यात पैसा घालू नये, म्हणून हा लेख.

मूळ कल्पना साधी आहे. डोंगरावर किंवा समुद्रकाठी घर बांधावे तर ते वर्षातून पन्नास आठवडे बंद राहते. मग एकाच खोलीचे पन्नास-एक्कावन्न आठवडे वेगवेगळ्या कुटुंबांना विकावेत, एखादा आठवडा रंगरंगोटी व दुरुस्तीसाठी राखावा. ग्राहक खोली विकत घेत नाही, खोलीतला काळ विकत घेतो. युरोपात १९६० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. स्वित्झर्लंडची हापिमाग कंपनी १९६३ ची आहे. दरवर्षी त्याच ठिकाणी जाऊन लोक कंटाळू लागले तेव्हा १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी कंपनी निघाली. आपल्या देशात १९८६ मध्ये चेन्नईची स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स आणि १९९६ मध्ये महिंद्र हॉलिडेज ही या धंद्यातली मोठी नावे उभी राहिली. लोणावळा, महाबळेश्वर आणि गोवा येथे अशा रिसॉर्टांची सवय मराठी माणसाला आता झाली आहे.

वाचकांपैकी जे हज-उमऱ्याला जाऊन आले त्यांनी मक्केत हरम शरीफसमोरचे उंच मनोरे पाहिलेच असतील. ती जमीन वक्फची, म्हणजे विकता न येणारी. त्यातील जमजम टॉवर उभारताना कुवेतच्या मुन्शआत कंपनीने २४ वर्षांच्या वापराचे हक्क 'सुकूक अल-इन्तिफा' या नावाने लोकांना विकले. जागेची मालकी वक्फकडेच राहिली, विकला गेला तो ठरावीक काळाचा उपयोग. फिक्हमध्ये यालाच मनफअत म्हणतात आणि तिचा मोबदला घेऊन व्यवहार करणे म्हणजे इजारा. जागा कोणती, मुदत किती, मोबदला किती, हे आधी स्पष्ट असावे ही त्यातली अट आहे. व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपण याच अटीत आहे. (अमुक करार जायज की नाजायज हे सांगणे या पानाचे काम नव्हे, त्यासाठी कराराची प्रत घेऊन आलिमांकडे जावे.)

आता व्यवस्थापनाकडे वळू, कारण सारी मेख तिथे आहे.

एखाद्या सुताराने लग्नसराईच्या पलंग-कपाटांचा विसार दहा घरांकडून घेतला. ती रक्कम त्याने घरखर्चात आणि दुकानाच्या पाटीत घातली. लाकूड आणायची वेळ आली तेव्हा हात रिकामे. मग तो काय करतो? अकराव्या घरचा विसार घेऊन पहिल्या घरचे लाकूड आणतो. टाइमशेअर कंपनीची बुडण्याची रीत हुबेहूब हीच आहे. सभासदाकडून आज चार लाख घेतले ते पंचवीस वर्षांच्या सेवेचे. त्यातला मोठा वाटा जाहिरात, जेवणावळी आणि विक्रेत्यांच्या कमिशनमध्ये गेला, आणि उरलेला त्याच वर्षीची कमाई म्हणून खर्ची पडला, तर दहाव्या वर्षी छत गळू लागल्यावर पैसा आणायचा कुठून? नव्या सभासदाकडून. नवा सभासद येणे थांबले की गाडी थांबली.

हिशेबाच्या नियमांनीही हे आता मान्य केले आहे. महिंद्र हॉलिडेज पूर्वी सभासद शुल्काचा ६० टक्के भाग पहिल्याच वर्षी उत्पन्न म्हणून दाखवत असे. २०१८ मध्ये नवे लेखा-मानक लागू झाल्यावर ते शुल्क सभासदत्वाच्या मुदतीवर पसरून दाखवावे लागले. तिजोरीत आलेला पैसा तेवढाच होता, पण त्यातला कमावलेला किती आणि देणे किती, हे वहीत नीट दिसू लागले. आमच्या मते आगाऊ रक्कम घेणाऱ्या प्रत्येक कारागिराने हा धडा गिरवण्यासारखा आहे.

दुसरी अडचण मोसमाची. होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या यात्रेला किती गर्दी लोटते ते चिखलीकरांना सांगायला नको. त्या दिवसांत अंग टाकायला जागा मिळत नाही. श्रावणात त्याच जागा ओस असतात. रिसॉर्टचेही तसेच. मे महिना, दिवाळी आणि नाताळ सर्वांनाच हवा. म्हणून कंपन्या वर्षाचे मोसम पाडतात, क्लब महिंद्रात त्यांना जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशी रंगांची नावे आहेत. स्वस्त रंग घेतलेल्या सभासदाला महागड्या रंगाच्या दिवसांवर हक्क नसतो.

या ठिकाणी आमच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट आहे, जी कोणी विक्रेता सांगत नाही. दुकान बंद ठेवून सहकुटुंब बाहेर पडायचे तर आमची सोय ईदनंतरच्या आठवड्यात. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. रमजान ईद १९९६ मध्ये फेब्रुवारीत होती. २००० साली जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा आली. २०२४ मध्ये ती एप्रिलात पडली. सुमारे ३३ वर्षांत ती सर्व ऋतूंतून फिरते. तेव्हा पंचवीस वर्षांसाठी एकाच रंगाच्या मोसमात बांधून घेतले, तर त्यातली किती वर्षे ईदची सुटी त्या रंगात बसेल याचा हिशेब सही करण्यापूर्वी करावा. मुलांच्या शाळेच्या सुटीवर जाणाऱ्यांना ही अडचण नाही.

सौद्याची बेरीज एकदा कागदावर मांडून पाहू. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेत आहोत. समजा, सभासदत्व ४ लाखांचे, मुदत २५ वर्षे, वर्षाला ७ रात्री. विक्रेता सांगेल, वर्षाला १६ हजार पडले, म्हणजे रात्रीला २,३०० च्या आतबाहेर. हे अर्धेच खरे. वार्षिक देखभाल शुल्क वेगळे असते, आणि आपण रिसॉर्टला गेलो नाही तरी ते सहसा द्यावेच लागते. ते पहिल्या वर्षी १८ हजार धरले आणि दरसाल ६ टक्क्यांनी वाढले, तर तेराव्या वर्षी ते ३६ हजारांवर जाते आणि शेवटच्या वर्षी जवळजवळ ७३ हजारांवर. पंचवीस वर्षांची नुसती देखभाल ९ लाख ८७ हजारांच्या घरात भरते, म्हणजे मूळ किमतीच्या अडीचपटीला जवळजवळ पोचते. एकूण १३ लाख ८७ हजारांना १७५ रात्रींनी भागले तर रात्रीला सुमारे ७,९०० रुपये येतात. कर, प्रवास आणि जेवण यात धरलेले नाही. रक्कम हप्त्याने भरायची असेल तर व्याजाचा प्रश्न निराळाच. आणि त्याच चार लाखांचा माल दुकानात वर्षातून चार वेळा फिरला असता, हे व्यापाऱ्याला आम्ही काय सांगावे!

हा सौदा कोणालाच परवडत नाही असे नाही. दरवर्षी न चुकता सुटीला जाणारे, चांगल्या प्रतीच्या रिसॉर्टात राहणारे आणि सहा-सहा महिने आधी बुकिंग करणारे कुटुंब त्याचा पुरेपूर उपयोग करते. दोन वर्षांतून एकदा, तेही नातलगांकडे जाणाऱ्याने लांब राहावे.

याहून धोक्याचा एक प्रकार महाराष्ट्राने पाहिला. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलातल्या रात्री विकल्या, पण रात्री न वापरल्यास मुदतीअखेर भरलेल्यापेक्षा जास्त रक्कम परत, अशी सोय ठेवली. लोकांना रात्री नकोच होत्या, हवी होती ती वाढीव रक्कम. तालुक्याच्या गावांपर्यंत एजंट पोचले. एजंट म्हणजे कोणी परका नव्हे, शेजारचाच, ओळखीचाच माणूस. सेबीने हा व्यवहार नोंदणीविना चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम ७,००० कोटींहून अधिक आणि गुंतवणूकदार ५० लाखांहून अधिक. २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही तो आदेश कायम ठेवला. मालमत्तांचे लिलाव आणि दावे चालू राहिले, आणि असंख्य घरे वर्षानुवर्षे पावत्या सांभाळत बसली. खरा टाइमशेअर आणि हा प्रकार यांतला फरक एका प्रश्नाने कळतो : सुटी घेतली नाही तर मला काय मिळेल? 'पुढच्या वर्षी जादा दिवस' हे उत्तर आले तर तो सुटीचा सौदा आहे. 'वाढीव पैसे' असे आले तर ती ठेव आहे, आणि ठेव गोळा करण्याचा परवाना कुठे आहे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

सही झाल्यावर पस्तावा झाला तर? युरोपात कायद्यानेच १४ दिवसांत माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या करारात माघारीची थोड्या दिवसांची मुदत देतात, ती पहिल्या दिवशीच वाचावी. तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन कागदावर लिहून मागावे. लिहून देत नसतील तर ते दिलेच नाही असे समजावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. कंपनी चेन्नईची असो की मुंबईची, चिखलीचा ग्राहक बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवू शकतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

या धंद्याचा पायाच आता हलला आहे. १९९० च्या दशकात अनोळखी गावी चांगली खोली मिळेल की नाही याची खात्री नसे, आणि टाइमशेअर ती खात्री विकत असे. २००० मध्ये मेकमायट्रिप आले, २००८ मध्ये अमेरिकेत एअरबीएनबी, २०१३ मध्ये ओयो. मोबाइलवर खोलीचा फोटो, भाव आणि आधीच्या ग्राहकांचे मत पाहून एका रात्रीचे बुकिंग होऊ लागल्यावर पंचवीस वर्षे बांधून घेण्याचे कारण उरले ते फक्त दर्जा आणि सोय. म्हणूनच या धंद्यात आता कमी मुदतीची सभासदत्वे आणि आठवड्याऐवजी गुणांची पद्धत दिसते. जुन्या सभासदाने नवा सभासद आणावा यावर भर असतो, कारण जेवणावळीपेक्षा ते स्वस्त पडते. नाराज सभासद मात्र नवा माणूस आणत नाही.

याचा आमच्या परिसराशी संबंध आहे. लोणार सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा आणि मेहकरजवळून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण रस्ता २०२५ मध्ये खुला झाला. दुसऱ्या बाजूला अजिंठा. या रस्त्यांवर आठ-दहा स्वच्छ खोल्यांची निवासव्यवस्था उभारू इच्छिणाऱ्यांनी टाइमशेअरकडून एकच गोष्ट उचलावी, ती म्हणजे रिकाम्या मोसमाच्या रात्री आधी विकणे. चिखलीत दर महिन्याला येणारे कंपन्यांचे प्रतिनिधी, बियाण्यांचे व औषधांचे विक्रेते यांना पावसाळ्यातल्या दहा रात्रींचे कूपन सवलतीत द्यावे. मुदत एक वर्षाची, रक्कम वेगळ्या खात्यात, आणि जेवढ्या रात्री वापरल्या गेल्या तेवढीच कमाई वहीत. खोली दहा असेल तर एका रात्रीची कूपने दहापेक्षा जास्त विकू नयेत. सुतार, रंगारी, गादीवाले, धोबी आणि भटारखान्यातले कारागीर यांना अशा ठिकाणी वर्षभराचे काम असते. त्यांनी आपले दर देखभालीच्या वार्षिक करारावर लावून घ्यावेत आणि पैसे महिन्याच्या महिन्याला मागावेत.