सॉकर स्कॉलरशिप: अपेक्षा किती ठेवावी?

न्यू जर्सीतलं एडिसन असो की टेक्सासमधलं फ्रिस्को, शनिवारी सकाळी सॉकरच्या मैदानांवर मराठी आईबाबा हमखास भेटतात. क्लबची फी, गणवेश, खासगी कोचिंग, परराज्यातल्या स्पर्धांसाठी विमानभाडं आणि हॉटेल असा वर्षाला काही हजार डॉलरचा खर्च ही कुटुंबं हौसेने करतात. खेळाने मूल घडतं, एवढं कारण त्यासाठी पुरेसं आहे. पण ‘पुढे कॉलेजच्या स्कॉलरशिपमध्ये सगळं वसूल होईल’ असा हिशेब मनात सुरू झाला, की गोष्ट बदलते. हरलेला प्रत्येक सामना मग नुकसान वाटू लागतो आणि त्याचं ओझं पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येतं. म्हणून ही व्यवस्था कशी चालते, हे आठवी-नववीतच समजून घेतलेलं बरं.

पैसा कुठे असतो?

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाक्षेत्राची मुख्य संस्था एनसीएए. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मोठी आणि नामवंत विद्यापीठं येतात. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळते. डिव्हिजन टूमध्येही मिळते, पण रकमा सहसा लहान असतात. डिव्हिजन थ्री हा सर्वांत मोठा विभाग आहे आणि तिथे खेळासाठी म्हणून एक डॉलरही देता येत नाही. तिथल्या बहुतेक खेळाडूंना पैसे मिळतात ते गुणवत्तेसाठी किंवा कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार.

एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही छोट्या कॉलेजांची संस्था आणि एनजेसीएए ही दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची संस्था आहे. दोन्हीकडे सॉकरसाठी स्कॉलरशिप आहेत. मराठी घरांत ही नावं सहसा निघत नाहीत, पण पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात खेळून पुढे मोठ्या विद्यापीठात जाण्याचा मार्ग कमी खर्चाचा आणि रुळलेला आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीगमधली आठही विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये खेळतात, पण खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. कोचला खेळाडू हवा असेल तर प्रवेशासाठी त्याचा शब्द उपयोगी पडतो. पैसे मात्र घरच्या उत्पन्नाकडे पाहूनच मिळतात.

नऊ लाडू, अठ्ठावीस पानं

‘फुल राइड’, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं माफ, हा शब्द लोकांनी उचलला तो अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलवरून. सॉकरचं गणित वर्षानुवर्षं वेगळं राहिलं आहे. २०२५ पर्यंतच्या नियमानुसार डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला जास्तीत जास्त ९.९ पूर्ण स्कॉलरशिपइतका आणि महिला संघाला १४ स्कॉलरशिपइतका पैसा देता येत असे. डिव्हिजन टूमध्ये हेच आकडे पुरुषांसाठी ९ आणि महिलांसाठी ९.९ असे. संघात साधारण अठ्ठावीस-तीस मुलं. म्हणजे कोचपुढे नऊ-दहा लाडू आणि वाढायला अठ्ठावीस पानं. गोलकीपर किंवा हुकमी स्ट्रायकरच्या पानात अख्खा लाडू पडतो, कुणाला पाव मिळतो, कुणाला फक्त पुस्तकांपुरता तुकडा आणि काहींचं पान कोरंच राहतं. शिवाय ९.९ ही कमाल मर्यादा होती. तेवढाही पैसा ज्यांच्याकडे नव्हता, अशी विद्यापीठं भरपूर होती.

महिला संघांचा आकडा मोठा का, याचं उत्तर १९७२ च्या टायटल नाइन या कायद्यात आहे. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेद न करण्याचं बंधन या कायद्याने घातलं. अमेरिकन फुटबॉलचा अवाढव्य संघ मुलांचा, त्याला ८५ स्कॉलरशिप. तेव्हा तोल साधायला विद्यापीठांनी मुलींचे संघ वाढवले आणि त्यात सॉकरचा वाटा मोठा होता. आजही डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे संघ दोनशेच्या थोडे वर आहेत, तर महिलांचे साडेतीनशेच्या आसपास. मुलीसाठी संधी जास्त आहे, ती अशी.

६ जून २०२५ रोजी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि नियम बदलले. जी विद्यापीठं या तडजोडीत सामील झाली, त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. सॉकरसाठी ती मुलांना आणि मुलींना सारखीच, २८. कागदावर आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. पण परवानगी मिळाली म्हणून तिजोरी भरत नाही. याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही मुभा दिली आणि तो पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळतो आहे. सॉकरच्या बहुतेक कोचांचं बजेट पूर्वीसारखंच तुटपुंजं आहे. उलट, पूर्वी स्कॉलरशिपशिवाय संघात येणाऱ्या, म्हणजे ‘वॉक-ऑन’ मुलांना सामावून घेणारे मोठे संघ आता २८ वर थांबतात. त्यामुळे कोचला हा प्रश्न थेट विचारावा: तुमचं विद्यापीठ तडजोडीत सामील आहे का, आणि तुमच्या संघाला प्रत्यक्षात किती पूर्ण स्कॉलरशिपइतका निधी मिळतो?

किती जणांना जागा मिळते?

एनसीएएने २०१८-१९ च्या आकड्यांवरून काढलेला अंदाज बोलका आहे. हायस्कूल संघांत खेळणारे मुलगे सुमारे ४ लाख ५९ हजार होते, तर एनसीएएच्या तिन्ही विभागांत मिळून पुरुष खेळाडू सुमारे २५ हजार ५००. शंभरात पाच-सहा. एकट्या डिव्हिजन वनपुरतं पाहिलं तर शंभरात दीडसुद्धा नाही. मुलींमध्ये तिन्ही विभाग मिळून शंभरात सुमारे सात आणि डिव्हिजन वनमध्ये अडीचच्या जवळपास. हे आकडे संघातल्या जागांचे आहेत. त्यातही पैसे मिळणाऱ्या जागा कमी आणि घरखर्चात फरक पडेल एवढे पैसे मिळणाऱ्या त्याहून कमी. शिवाय डिव्हिजन वनच्या पुरुष संघांत युरोप, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतून आलेले खेळाडू मोठ्या संख्येने असतात. त्यांतले बरेच वीस-एकवीस वर्षांचे आणि व्यावसायिक क्लबांच्या अकादम्यांत तयार झालेले असतात. आपल्या सतरा वर्षांच्या मुलाची स्पर्धा त्यांच्याशीही आहे.

तीन पत्रं शेजारी ठेवून

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशी पत्रं घरोघरी येतात. समजा, मुलीला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं.

पहिलं पत्र परराज्यातल्या सरकारी विद्यापीठाचं, डिव्हिजन वन. वर्षाचा एकूण खर्च ५५,००० डॉलर. सॉकरची २५ टक्के स्कॉलरशिप, म्हणजे १३,७५० डॉलर. घरून भरायचे ४१,२५०.

दुसरं पत्र खासगी कॉलेजचं, डिव्हिजन थ्री. खर्च ८२,००० डॉलर, वाचूनच धडकी भरावी असा. पण चांगल्या गुणांसाठी ३०,००० आणि आर्थिक गरजेनुसार आणखी २०,००० डॉलर. घरून भरायचे ३२,०००.

तिसरं पत्र स्वतःच्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचं. तिथल्या संघात जागा नाही, पण विद्यार्थ्यांच्या क्लब संघात खेळता येईल. खर्च ३२,०००, गुणांसाठी ५,००० ची सूट. घरून भरायचे २७,०००.

‘डिव्हिजन वनची स्कॉलरशिप’ मिळालेलं कॉलेज तिघांत सर्वांत महाग निघालं. दुसऱ्याच्या तुलनेत चार वर्षांत ३७,००० डॉलर जास्त आणि तिसऱ्याच्या तुलनेत ५७,०००. म्हणून विभागाचं नाव आणि स्कॉलरशिपचा टक्का बाजूला ठेवून पत्रातली शेवटची ओळ वाचावी: आपल्या खिशातून किती जाणार? बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळांवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. घरचे आकडे त्यात भरले की अंदाज येतो. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या स्कॉलरशिपवर प्राप्तिकर लागू होऊ शकतो, हेही लक्षात असू द्यावं.

या उदाहरणातून दुसरी गोष्टही दिसते. मध्यमवर्गीय घरातल्या अभ्यासू मुलाला पायांपेक्षा गुणपत्रिका जास्त पैसे मिळवून देते. गुणांवर पैसे आणणारा खेळाडू कोचलाही हवा असतो, कारण तेवढं त्याचं बजेट वाचतं. सरावासाठी गणिताची परीक्षा बुडवणं हा दोन्ही बाजूंनी तोट्याचा व्यवहार आहे.

बोलणं आणि लिहिलेलं

डिव्हिजन वनच्या कोचला अकरावी सुरू होण्याआधीच्या १५ जूनपासून खेळाडूशी थेट संपर्क साधता येतो आणि १ ऑगस्टपासून कॉलेजच्या खर्चाने भेटीला बोलावता येतं. त्याआधी येणारी ‘आयडी कॅम्प’ची आमंत्रणं म्हणजे निवड नव्हे. असे कॅम्प फी भरणाऱ्या सगळ्यांसाठी असतात आणि ते कोचच्या कार्यक्रमाच्या उत्पन्नाचाही भाग असतात. कोचने मुलाचा खेळ पाहून, त्याचं नाव घेऊन, त्याच्या जागेबद्दल काही लिहिलं असेल तर जावं. शेकडो जणांना गेलेला मजकूर असेल तर पैसे वाचवावेत.

सुरुवात मुलानेच करायची असते. चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ, गुण, येत्या सामन्यांचं वेळापत्रक आणि ‘मला तुमच्याच कॉलेजात का यायचं आहे’ हे सांगणारी दोन प्रामाणिक वाक्यं, एवढं पुरतं. पत्र आईबाबांनी लिहिलं की कोचला लगेच कळतं.

कोचचा तोंडी शब्द कुणावरच बंधनकारक नसतो, त्याच्यावरही नाही आणि तुमच्यावरही. ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ २०२४ मध्ये बंद झालं. आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच आधार आहे. त्यात पाहायचं ते असं: स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची? नूतनीकरण कोण ठरवतं? गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, एक हंगाम बसून काढावा लागला, तर रक्कम राहते का? कोच सोडून गेला तर? ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे खेळाडू सहज कॉलेज बदलतात, तसे कोचही हायस्कूलच्या मुलाऐवजी दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडू घेतात. मुलासाठी ठेवलेली जागा त्यामुळे हातची जाऊ शकते.

डिव्हिजन थ्रीमध्ये करार नसतो. तिथे ‘प्री-रीड’ महत्त्वाचं. बारावीआधीच्या उन्हाळ्यात कोच मुलाची गुणपत्रिका प्रवेश विभागाकडे पाठवतो आणि प्रवेशाची शक्यता किती, ते साधारण सांगतो. पैशांचा अंदाजही त्याच वेळी मागून घ्यावा.

व्हिसा असेल तेव्हा

एच-१बीवर असलेल्या पालकांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायची आहे. एच-४ व्हिसावरच्या मुलाला फॅफ्सा हा अर्ज भरून मिळणारी सरकारी मदत मिळत नाही आणि अनेक खासगी कॉलेजं त्याला आर्थिक मदतीसाठी परदेशी विद्यार्थ्यांतच धरतात. खेळाची आणि गुणांची स्कॉलरशिप मात्र त्याला मिळू शकते. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागू होते का, हे राज्यागणिक बदलतं. प्रवेश विभागाकडून ते लेखी घ्यावं. मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-४ संपतो आणि विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. ही तारीख कॉलेजच्या मधल्याच वर्षी येते.

पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातून थेट जाऊ पाहणाऱ्यांनी एनसीएएच्या पात्रता केंद्रात लवकर नोंदणी करावी. तिथे बारावीचे टक्के पुरत नाहीत. नववीपासूनचे गुण पाहिले जातात आणि डिव्हिजन वनसाठी ठरावीक १६ मूलभूत विषय लागतात. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं क्लबकडून स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजात खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात. क्लबच्या कुठल्याही करारावर सही करण्याआधीही हे तपासावं. आणि विमानात बसवून देतो, स्कॉलरशिप हमखास म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी त्या कॉलेजच्या कोचशी मुलाने स्वतः बोलावं. खरी ऑफर असेल तर कोच बोलतो.

निवड करताना

डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव आणि सामने असतात. प्रवास त्यात धरत नाहीत. सामने ऑगस्टपासून, म्हणजे पहिल्या सत्राच्या ऐन अभ्यासात. इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा गुरुवारी आणि संघ दुसऱ्या राज्यात, असं वारंवार घडतं. त्यामुळे संघातल्या सध्याच्या मुलांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुमच्यापैकी किती जण मला हवा तो विषय घेऊन पदवी पूर्ण करतात, आणि पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण चौथ्या वर्षी संघात आहेत?

आणि मुलाला विचारायचा प्रश्न एकच. उद्या खेळ थांबला, तरी तू याच कॉलेजात राहशील का? उत्तर ‘हो’ असेल आणि शेवटची ओळ घराला झेपणारी असेल, तर पंचवीस टक्के मिळोत की शून्य, निर्णय योग्य आहे. सॉकरचे पैसे मिळाले तर आनंदाने घ्यावेत. घराचं अंदाजपत्रक मात्र ते मिळणार नाहीत असं धरूनच आखावं, म्हणजे मुलाला सामन्यात फक्त सामनाच खेळावा लागेल.