शरद ऋतूतील मालवण

आश्विनात मोसमी वारे माघारी फिरले, की मालवणचा समुद्र निवळू लागतो आणि पावसाळ्यात बंद असलेली सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीवाहतूक पुन्हा सुरू झाल्याने या गावात एखादा दिवस सावकाश घालवता येतो. दुपारचे ऊन कडक असल्याने सकाळ दांडीच्या किनाऱ्यासाठी राखणे इष्ट ठरते, कारण तेथे रापण, म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढले जाणारे लांबलचक जाळे, पाहावयास मिळण्याचा संभव असतो. ओढणाऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींजवळ सरकतात तसतसा जाळ्याचा घेर आवळत जातो, आणि अखेरीस मधल्या खोलगट भागात बांगडे व तारल्या उसळू लागतात. मासळीचे वाटे रापणीतील भागीदारांत पडतात.

याच किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा या खडकावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले असून, 1664 मध्ये किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा येथे झाली असे सांगितले जाते. कुरटे बेटावरील हा जलदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधविला. त्याचे महाद्वार नागमोडी तटात असे दडविले आहे, की समुद्रावरून ते सहसा लक्षात येत नाही. चहूकडे खारे पाणी असूनही आतील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. परतल्यावर सोलकढी, म्हणजे आमसुलांचे आगळ आणि नारळाचा रस यांचे पेय, मालवणी जेवणाची सांगता करते.