जहाज वाचते कुणाच्या पैशावर?

खंभातच्या आखातापलीकडे, आपल्या समोरच्या काठावर अलंग आहे. हजिऱ्याहून रो-रो फेरीत बसलात तर घोघ्याला उतराल आणि तिथून किनारा धरून दक्षिणेला गेलात की ते गाव येते. १९८३ पासून तिथे जहाजे मोडतात. भरतीचे पाणी इतके चढते की थोरले जहाजही थेट किनाऱ्यावर घालता येते. ओहोटी लागली की ते चिखलात बसते आणि कामगार गॅस कटर घेऊन पुढे होतात. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस ‘विराट’ ही विमानवाहू युद्धनौका तिथे अशीच चढवली गेली.

तेव्हा आपल्या घराघरांत हळहळ झाली असेल. इतकी मोठी नौका, सरकारला वाचवता आली नाही का, हा प्रश्न मलाही दवाखान्यात अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर पैशात आहे, पण आपण समजतो त्या पैशात नाही.

‘विराट’ १९५९ साली ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ नावाने दाखल झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिशांची ध्वजनौका होती. १९८७ मध्ये ती आपल्याकडे आली आणि ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिच्यावर संग्रहालय आणि सागरी पर्यटन केंद्र करण्याची ८५२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुढे काय झाले? २०१९ च्या जुलैत केंद्र सरकारने संसदेत सांगितले की स्वतःच्या पायावर उभा राहणारा, पैशाच्या दृष्टीने परिपूर्ण असा एकही प्रस्ताव कोणत्याही राज्याकडून आला नाही. मग लिलाव झाला आणि नौका ३८ कोटी ५४ लाखांना भंगारात गेली. एका खासगी कंपनीने ती जहाज मोडणाऱ्याकडून १०० कोटींना घेऊन संग्रहालय करण्याची तयारी दाखवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०२१ मध्ये मोडतोडीला स्थगितीही मिळाली. पण एप्रिलमध्ये याचिका फेटाळली गेली, कारण तोवर नौकेचा सुमारे ४० टक्के भाग कापून झाला होता.

‘विक्रांत’चे दुखणे याहून लांबले. १९७१ च्या युद्धात जिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार गाठले, ती ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिच्यावर संग्रहालय चालले, २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली जाऊन दारूखान्यात मोडली गेली. तिचे थोडे पोलाद एका मोटरसायकलच्या टाकीत गेले. ती जाहिरात तुम्हाला आठवत असेल. २०१४ मध्ये तिला मोडण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता, असे माझे मत आहे. मार्ग होता तो १९९७ मध्ये. मधली सतरा वर्षे कायमची सोय न करता गेली.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर, जुनाट दुखण्याचे पेशंट रोज पाहतो. पहिल्या भेटीला माणूस वाटेल तेवढा खर्च करतो. सहाव्या महिन्यात, जरा बरे वाटू लागले की, तो फिरकत नाही. जुन्या जहाजाचे अगदी हेच आहे. खाऱ्या पाण्यात पोलादाचा पत्रा गंजतच राहतो. ठरावीक वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो, पातळ झालेले पत्रे बदलावे लागतात, रंग द्यावा लागतो. लाकडी असेल तर ते पोखरणारे समुद्री किडे आहेतच. शिवाय धक्क्यावरची जागा. मुंबईसारख्या बंदरात दोनशे-सव्वादोनशे मीटरची जागा एका निवृत्त जहाजाने अडवून ठेवणे म्हणजे नव्याची जागा खाणे. आपला तापीकाठचा किल्ला शतकानुशतके पडझड सोसत उभा राहिला आणि महापालिकेला सवड झाली तेव्हा त्याची डागडुजी झाली. किल्ला वाट पाहतो. जहाज वाट पाहत नाही, ते बुडते.

आणि बाजारात त्याच्या मरणाला भाव आहे. पडक्या वाड्याच्या विटा कोण घेतो? पण पोलादाला रोख पैसे मिळतात. ठेवले तर दरवर्षी खर्च, मोडले तर आजच उत्पन्न. सरकारी फाइलवर या दोन आकड्यांची लढत कशी संपणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तरीही जहाजे वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी एकाचा धागा सुरतेला येऊन मिळतो. मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ ची लूट आठवते. इथल्या सुतारांची आठवण क्वचित निघते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गेले आणि तिथली जहाजबांधणी त्यांनी उभी केली. त्यांचे नातू जमशेदजी बमनजी यांनी मलबारच्या सागातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि युरोपात अजून तरंगणारे सर्वांत जुने युद्धजहाज म्हणून ओळखली जाते.

ती वाचली कशी ते पाहा. १८९७ मध्ये तीही भंगारवाल्याकडे गेली होती. व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाने स्वतःच्या पैशाने ती विकत घेतली आणि मुलांना दर्यावर्दीपण शिकवण्यासाठी वापरायला काढली. १९८६ पर्यंत तिच्यावर मुले शिकत होती. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे जहाजाला पोटापाण्याचा उद्योग होता. मोठी दुरुस्ती त्यानंतरची, १९९० ते २००१. तिला एक कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. तो एका विश्वस्त संस्थेने जमवला, त्यात लॉटरीच्या उत्पन्नातून चालणाऱ्या वारसा निधीचाही वाटा होता.

आमच्या जैन समाजात नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे मानतात आणि देवद्रव्य वेगळ्या खात्यात राहते. ते दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. हिशेबाची ही शिस्त जहाजालाही लागते. समजा एखाद्या नौकेची वर्षाची देखभाल ५ कोटींची आहे आणि ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते. तर सत्तर कोटींहून थोडी जास्त ठेव कायमची बाजूला हवी. महागाई धरली तर आणखी. हा खर्च दुरुस्तीच्या खर्चाहून निराळा. आपल्याकडच्या योजनांत उद्घाटनाची रक्कम ठळक असते, या ठेवीचा रकाना मात्र सापडत नाही.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग मात्र आपल्याच लोकांनी दाखवला आहे: नौका पाण्याबाहेर काढणे. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर पक्क्या पायावर उभी आहे आणि आजही लोक तिकीट काढून आत जातात. निवतीजवळच आता ‘गुलदार’ ही नौका मुद्दाम समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे ठरले आहे. त्यासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी मंजूर केले. बुडवलेल्या नौकेला रंग लागत नाही, हे खरे. पण माझ्यासारखा गुडघेदुखीचा म्हातारा तिथवर जाऊन काय पाहणार, हा प्रश्न राहतोच.

आता आपल्या दारचे. ‘सुरत’ ही विनाशिका १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या बोधचिन्हावर हजिऱ्याचा दीपस्तंभ आहे आणि त्याचे अनावरण नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच शहरात झाले. अशी नौका साधारण तीस-पस्तीस वर्षे सेवा करते. दरसाल ७५ लाख रुपये ७ टक्क्यांनी साठत गेले तर तीस वर्षांत वरची सत्तर कोटींची ठेव पुरी होते. हिऱ्यांच्या आणि कापडाच्या या शहराला ती रक्कम डोईजड नाही. अडचण आहे ती जागेची. तापीचे पात्र गाळाने उथळ झालेले, म्हणजे ती शहरापर्यंत येणार नाही, हजिऱ्याच्या बाजूलाच बसवावी लागेल. नौकेची लांबी १६३ मीटर. किनाऱ्यालगतची तेवढी मोकळी जमीन तीस वर्षांनी तिथे उरणार नाही. ती आजच नकाशावर राखून ठेवावी लागेल.