व्हिसाची मुलाखत: खरे सांगणे हीच तयारी

तासगावच्या द्राक्षबागेच्या उत्पन्नावर मुलगा अमेरिकेत एम. एस. करायला निघतो किंवा तिकडे असलेल्या लेकीला भेटायला आई-वडील निघतात, तेव्हा त्यांना मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. ही पाठांतराची परीक्षा आहे, हा सर्वांत मोठा गैरसमज. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(बी) नुसार, पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून अर्ज करणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच येतो आहे, असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. त्यासाठी हाती असतात ती जेमतेम काही मिनिटे. पाठ केलेले उत्तर पहिल्याच उपप्रश्नाला कोलमडते. स्वतःच्या आयुष्यातले उत्तर कितीही उलटसुलट विचारले तरी बदलत नाही.

म्हणूनच शेतकरी कुटुंबांनी दोन धास्ती सोडाव्यात. पहिली इंग्रजीची. इंग्रजीतून शिकायला जाणाऱ्याला इंग्रजीत बोलता आलेच पाहिजे. पण भेटीला जाणाऱ्या आई-वडिलांना मुंबईत मराठीतून मुलाखत देता येते. दुसरी धास्ती आयकर विवरणपत्राची. शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडे आयकरातून सूट आहे, त्यामुळे विवरणपत्र नसणे हा दोष नाही. सातबारा, बेदाणा सौद्यांतल्या अडत्यांच्या पट्ट्या, ते पैसे जमा झालेले बँक खाते आणि शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र यांतून उत्पन्नाचा माग स्पष्ट दिसतो. याउलट, मुलाखतीच्या तोंडावर उसनवारीने फुगवलेली खात्यातली शिल्लक संशयच वाढवते. फाईल जाड असली म्हणजे काम झाले, असेही नाही. अधिकारी अनेकदा एकही कागद न मागता निर्णय देतो, कारण डीएस-१६० हा अर्ज त्याच्यासमोर आधीच उघडलेला असतो. तो एजंटाने भरला असला तरी त्यातल्या प्रत्येक शब्दाला अर्जदारच जबाबदार असतो. तेव्हा तो ओळीनओळ वाचणे, अभ्यासक्रम हाच का निवडला आणि खर्च कोण करणार, हे आपल्या शब्दांत सांगता येणे, ही खरी तयारी.

यावर आक्षेप येईल, की खरे बोलणाऱ्यांनाही नकार मिळतोच. मिळतो. निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. पण कलम २१४(बी) खालचा नकार कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणाचे तसे नाही. बनावट कागद दिला किंवा महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली, तर याच कायद्याच्या कलम २१२ खाली माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो, आणि मग विशेष सवलत मिळाल्याशिवाय दार उघडत नाही. अमेरिकेत राहणारा भाऊ लपवा, आधीचा नकार सांगू नका, असा सल्ला देणारा एजंट आपली फी घेऊन मोकळा होतो. शिक्षा भोगावी लागते ती अर्जदाराला. खरे सांगून नकार आला तर शुल्क आणि काही महिने जातात, खोटे पकडले गेले तर पुढच्या सगळ्या संधी जातात. ‘नक्की व्हिसा’ची हमी देणाऱ्याला पैसे मोजण्याआधी पालकांनी हा हिशेब जरूर मांडावा, आणि मुलाचा अर्ज त्याच्या शेजारी बसून एकदा स्वतः वाचावा.